ओहोटीचे पाहुणे

मार्गशीर्ष महिना उतरणीस लागला होता. अलिबागच्या दक्षिणेस, समुद्राच्या कुशीत वसलेल्या आक्षी गावावर पहाटेचा गारवा पसरला होता. नारळी-पोफळींच्या वाड्यांतून तिघेजण किनाऱ्याकडे चालले होते. पुढे हातात काठी घेतलेले आजोबा, त्यांच्या मागोमाग गळ्यात दुर्बीण अडकविलेला विनय, आणि सर्वांत मागे डब्याची पिशवी सांभाळीत येणारी उमा. विनय बारा वर्षांचा आणि उमा दहा वर्षांची. नाताळच्या सुटीत दोघे बहीणभाऊ पुण्याहून आजोळी आली होती.

आजोबा शिक्षक होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. परंतु एक नेम त्यांनी सोडला नव्हता. मार्गशीर्ष वद्य चतुर्थीस ते किनाऱ्यावर जात, दिवसभर तेथे बसत आणि दिसतील ते पक्षी मोजून एका जाड वहीत त्यांची नोंद करीत. अलीकडे मात्र त्यांची दृष्टी मंदावली होती. चष्मा लावून जवळचे अक्षर वाचता येई. पण दूर वाळूवर बसलेला पक्षी त्यांना केवळ ठिपक्यासारखा दिसे. म्हणून या वर्षी त्यांनी वही आणि दुर्बीण विनयच्या स्वाधीन केली होती.

“आज माझे डोळे तू,” ते म्हणाले, “आणि उमा माझी कारकून. दहा पक्षी झाले, की तिने एक शिंपला बाजूला ठेवायचा.”

विनयला हे काम फार आवडले. त्याला आणखी एक कारण होते. सुटी लागण्यापूर्वी त्याच्या वर्गातील एका मित्राने मोठ्या ऐटीत सांगितले होते, की त्याने एका दिवसात पंचवीस जातींचे पक्षी पाहिले. त्याहून एक तरी अधिक पाहून परतायचे, असे विनयने मनाशी ठरविले होते.

“आजोबा,” चालता चालता उमेने विचारले, “तुम्ही दर वर्षी याच तिथीला का मोजता? रविवारी का नाही मोजत?”

“समुद्राला रविवार ठाऊक नसतो, तिथी ठाऊक असते,” आजोबा हसून म्हणाले. “येथील कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे. तिथीचा जो अंक असेल, त्याची पाऊणपट करावी. येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. आज चतुर्थी. चाराची पाऊणपट किती?”

“तीन,” उमा म्हणाली.

“म्हणजे पहाटे तीनला भरती झाली, आणि दुपारी तीनला पुन्हा होईल. दोन भरतींच्या मधोमध ओहोटी असते. ती केव्हा येईल?”

“सकाळी नऊला!” विनय म्हणाला.

“बरोबर. उद्या पंचमीला हेच सारे पाऊण तास उशिरा घडेल. आता असे पाहा, की एका वर्षी मी भरतीच्या वेळी पक्षी मोजले आणि दुसऱ्या वर्षी ओहोटीच्या वेळी मोजले, तर त्या दोन आकड्यांची तुलना करता येईल का? तिथी तीच ठेवली, म्हणजे समुद्राची वेळही जवळजवळ तीच राहते. म्हणून हा नेम.”

बोलता बोलता वाड्या संपल्या. सुरूच्या बनातून वाऱ्याचा सूं सूं असा नाद येत होता. बन ओलांडताच समोर विशाल किनारा उघडा झाला. समुद्र मागे हटू लागला होता आणि त्याने मोकळी केलेली ओली वाळू आरशाप्रमाणे चकाकत होती. उत्तरेस दूर, पाण्यात उभा असलेला कुलाबा किल्ला कोवळ्या उन्हात अंधुक दिसत होता.

किनाऱ्यावर पाऊल पडताच विनयला राहवेना. पाण्याच्या कडेला काही काळेपांढरे पक्षी त्याला दिसले. त्यांची चोच लांब आणि गाजराच्या रंगाची होती. ते नीट दिसावेत म्हणून तो त्यांच्या दिशेने धावत सुटला. तो पन्नास पावले गेला असेल नसेल, तोच पक्ष्यांनी तीक्ष्ण शीळ घातली आणि पंखांवरील पांढरे पट्टे झळकवीत ते खाडीच्या मुखाकडे उडून गेले. विनय हिरमुसला होऊन परतला.

“पक्षी पाहायला पायांपेक्षा बैठकीचा उपयोग अधिक होतो,” आजोबा म्हणाले. त्यांनी सुरूच्या सावलीत, वाळूच्या एका उंचवट्यावर चटई पसरली. “येथे बसा. मोठ्याने बोलू नका, हातवारे करू नका. आपण येथलेच आहो असे त्यांना वाटू द्या.”

प्रथम काही वेळ काहीच घडले नाही. विनय चुळबुळ करू लागला. उमा मात्र समोरच्या वाळूकडे टक लावून पाहत होती. हरभऱ्याहूनही लहान अशा वाळूच्या असंख्य गोळ्या तेथे मांडल्यासारख्या दिसत होत्या. थोड्या वेळाने एका बिळातून चिमुकला खेकडा बाहेर आला. त्याने वाळू तोंडाशी नेली, तिच्यातील अन्नकण टिपले आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकली. “आजोबा, हा तर लाडू वळतो आहे!” उमा हळूच म्हणाली.

“आणि त्याला खाणाराही आला पाहा,” आजोबांनी कानोसा घेत म्हटले. दुरून ‘कूर्ली, कूर्ली’ असा करुण, लांबलेला स्वर ऐकू आला होता. डोळे मंदावले असले, तरी आजोबांचे कान अद्याप तरुण होते. विनयने दुर्बीण डोळ्यांना लावली. कोंबडीएवढा, मातकट रंगाचा एक पक्षी संथपणे चालत होता. त्याची चोच इतकी लांब आणि खाली वळलेली होती, की ती त्याला जड कशी होत नाही याचेच नवल वाटावे. ती चोच त्याने डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसली आणि आतून एक खेकडा बाहेर ओढला.

“त्याला कोरल म्हणतात,” आजोबा म्हणाले. “त्याच्या चोचीचे टोक आपल्या बोटांसारखे असते. खोल वाळूत भक्ष्य कोठे आहे, हे त्याला दिसत नाही, पण चोचीला कळते. आता त्याच्या शेजारी कोण आहे ते सांग.”

विनय पाहू लागला आणि हळूहळू त्या निर्जन वाटणाऱ्या वाळूवर त्याला एक मोठी पंगतच बसलेली दिसली. आखूड चोचीचे, मोठ्या डोळ्यांचे चिखल्या पक्षी चार पावले धावत, थबकत आणि वर आलेला एखादा किडा चटकन टिपीत. पांढुरके, गुबगुबीत असे काही चिमणे पक्षी लाट मागे गेली की तिच्या पाठोपाठ धावत आणि लाट पुढे आली की काळे पाय भराभर उचलीत मागे पळत. जणू लाटेशी शिवाशिवीचा खेळ चालला होता. एक ठेंगणा पक्षी आपल्या चोचीने शिंपले आणि खडे उलटून त्यांच्याखाली काय दडले आहे ते पाहत होता. इतक्यात मघाचे लाल चोचीचे काळेपांढरे पक्षीही परत आले. आपल्या बळकट, चपट्या चोचीने ते शिंपले उघडून आतील मांस खाऊ लागले.

“एकाच पंगतीत इतके जण बसतात, मग भांडणे कशी होत नाहीत?” विनयने विचारले.

“कारण प्रत्येकाचे ताट निराळे आहे. ज्याची चोच आखूड, तो वरचे टिपतो. ज्याची लांब, तो खोल शिरतो. कोणी लाटेने आणलेले खातो, कोणी शिंपल्यात दडलेले. तुम्हांला ही रिकामी वाळू वाटते. त्यांना मात्र ती खालपासून वरपर्यंत भरलेली कोठी आहे.”

नऊ वाजले. समुद्र पार दूर गेला. आजीने दिलेला डबा उघडला गेला. तीत घावने आणि गूळखोबरे होते. संकष्टीचा उपास असल्यामुळे आजी स्वतः चंद्रोदयापर्यंत काही खाणार नव्हती; पण नातवंडांचा डबा तिने पहाटे उठून भरला होता. खाता खाता मोजणी चालू राहिली. शंभर-दोनशेचा थवा असला, तर काय करावे, हेही आजोबांनी शिकविले. आधी दहा पक्षी नीट मोजावेत, त्यांनी किती जागा व्यापली आहे ते ध्यानात घ्यावे आणि मग तेवढ्या किती जागा थव्यात आहेत हे पाहावे. उमेच्या शिंपल्यांची रांग वाढत चालली.

खडकाळ भागात विनयला दोन बगळे दिसले. एक शुभ्र होता, तर दुसरा पाटीसारखा करडा. “दोन जाती मिळाल्या!” तो आनंदाने म्हणाला.

आजोबांनी दोघांच्या चोचीचा, पायांचा आणि चालण्याचा तपशील विचारून घेतला. मग ते म्हणाले, “हे दोघेही समुद्र-बगळेच. एकाच जातीत काही पांढरे असतात आणि काही करडे. जात एकच लिही.”

विनयने नाखुशीने एक ओळ खोडली. त्याच्या मनात आकडे घोळत होते. कावळा, साळुंकी, खंड्या, ब्राह्मणी घार, कुरव, सुरय अशी सारी नावे धरून यादी बावीसपर्यंत आली होती.

अकरा वाजल्यानंतर समुद्राने आपली दिशा बदललेली स्पष्ट दिसू लागली. एकेक लाट वाळूचा एकेक पट्टा गिळीत पुढे येऊ लागली आणि पक्षी मागे सरत सरत आपण होऊन मुलांच्या जवळ येऊ लागले. सकाळी धावूनही जे दिसले नव्हते, ते आता बसल्या जागी दिसत होते. सुरय पक्षी पाण्यावर घिरट्या घालीत, क्षणभर हवेत स्थिर होत आणि बाणासारखी बुडी मारून मासा घेऊन वर येत. कुरव मात्र पाण्यावर तरंगत आयते काही मिळते का ते पाहत होते.

“आजोबा, याला तुम्ही तपकिरी डोक्याचा कुरव म्हणालात, पण याचे डोके तर पांढरे आहे,” उमेने शंका काढली.

“तो आपल्याकडे येतो तो प्रवासाच्या साध्या वेषात,” आजोबा म्हणाले. “आता त्याच्या डोळ्यामागे केवळ एक काळसर डाग असतो. फाल्गुनाच्या सुमारास डोके तपकिरी होऊ लागते, आणि मग तो लडाख-तिबेटातील उंच सरोवरांकडे आपल्या घरी निघतो. अंडी घालायची तेथे आणि हिवाळा काढायचा येथे. या वाळूवरील बहुतेक पक्षी असेच दूरचे आहेत. कोणी मध्य आशियातून आले आहेत, तर कोणी सैबेरियाच्या अगदी उत्तर टोकाकडून.”

“इतक्या लांब? मध्ये विसावा घेत असतील ना?” विनयने विचारले.

“बहुतेक घेतात. पण काहींना तोही मिळत नाही. पाणटिवळा नावाचा एक पक्षी आहे. त्याच्या एका जातीतील जेमतेम पाच महिन्यांच्या पिल्लावर शास्त्रज्ञांनी एक लहानसे यंत्र बसविले होते. २०२२ साली ते पिल्लू अलास्काहून निघाले आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर उतरले. १३,५६० किलोमीटर अंतर त्याने अकरा दिवसांत कापले. वाटेत सारा समुद्र. अन्न नाही, पाणी नाही, बसायला जागा नाही.”

दोन्ही मुले स्तब्ध होऊन समोरच्या मूठभर पक्ष्यांकडे पाहू लागली.

भरती आणखी चढली. आता वाळूचा एक अरुंद पट्टाच उरला होता, आणि त्यावर शेकडो पक्षी दाटीवाटीने उभे होते. सर्वांची तोंडे वाऱ्याकडे होती. कित्येकांनी एक पाय पोटाशी घेऊन चोच पिसांत खुपसली होती. ते दृश्य पाहून उमेला मोठा मोह झाला. “मी धावत गेले, तर सारे एकदम उडतील. किती सुंदर दिसेल!” असे म्हणून ती उठलीच.

आजोबांनी तिचा हात धरला. “दिसेल खरे सुंदर. पण असे पाहा. त्यांची कोठी आता पाण्याखाली गेली आहे. समुद्र ती पुन्हा उघडीपर्यंत त्यांना खायला मिळायचे नाही. त्यांचे घड्याळ सूर्याचे नव्हे, समुद्राचे आहे. ओहोटी रात्री आली, तर ते रात्रीही जेवतात. ही त्यांची विश्रांतीची वेळ. आता उडविले, तर मघाशी मिळविलेले अन्न उगाच खर्च होईल. एकदा उडविले तर फारसे बिघडणार नाही. पण किनाऱ्यावर येणारा प्रत्येक माणूस आपण एकदाच उडवू असे म्हणू लागला, तर? परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी अंगावर चढायची कशी?”

उमा खाली बसली. थवा तसाच उभा राहिला. वाऱ्याने पिसे तेवढी हलत होती.

याच वेळी, खाडीच्या मुखावर बऱ्याच उंचीवर, एक मोठा पक्षी विनयच्या दृष्टीस पडला. पंख रुंद होते. रंग तपकिरी वाटला. त्याने दुर्बीण लावली. पण सूर्य समोर होता. क्षणभर ती आकृती दिसली आणि नारळींच्या शेंड्यांआड नाहीशी झाली.

विनयची छाती धडधडू लागली. त्याची यादी पंचवीसवर येऊन थांबली होती. आणखी एकच नाव हवे होते. आणि सकाळीच आजोबांनी समुद्री गरुडाविषयी सांगितले होते. राखी पाठीचा आणि पांढऱ्या पोटाचा तो थोर पक्षी मासे आणि समुद्रसर्प धरतो आणि उंच झाडावरील आपले घरटे वर्षानुवर्षे वापरतो. त्याचे पिल्लू मात्र काही वर्षे तपकिरी असते, त्यामुळे घारीशी त्याची गल्लत होते. ओळखायचे शेपटीवरून. घारीची शेपूट टोकाशी खाचलेली, ब्राह्मणी घारीची गोलसर, आणि समुद्री गरुडाची आखूड, पाचरीच्या आकाराची.

“आजोबा, समुद्री गरुड! तपकिरी, लहान वयाचा!” विनय म्हणाला.

आजोबांनी मान वर केली. त्यांचे डोळे आकाशात व्यर्थ शोध घेऊ लागले. “खरेच? कितीतरी वर्षांत येथे माझ्या नोंदीत तो आलेला नाही. शेपूट पाहिलीस का?”

विनय क्षणभर थांबला. शेपूट त्याने पाहिली नव्हती. पण त्याच्या तोंडून शब्द निघून गेले, “हो. पाचरीसारखी होती.”

आजोबांचा चेहरा उजळला. “मग लिही,” ते म्हणाले. “लहान वयाचा आहे, म्हणजे जवळपास कोठेतरी घरटे असेल. फार चांगली गोष्ट झाली.”

विनयने लिहिले. सव्विसावे नाव. पण ते लिहिताना त्याला वाटायला हवा होता तेवढा आनंद वाटला नाही.

तीन वाजता भरती पूर्ण झाली. आजोबा जरा आडवे झाले. उमा शिंपले मोजीत बसली होती. विनयने वहीची जुनी पाने चाळण्यास आरंभ केला. आजोबांचे वळणदार अक्षर पानोपान पसरले होते. एका वर्षाच्या पानावर मात्र तिथी आणि एकच ओळ होती. ‘दाट धुके. मोजणी झाली नाही.’ बाकी सारे पान कोरे. आणखी एका पानावर लिहिले होते, ‘एक मोठा पाणपक्षी, फार दूर. चोच दिसली नाही. नाव सांगता येत नाही.’ विनयने ते पान दोनदा वाचले आणि वही मिटली.

“आजोबा,” उमेने विचारले, “नुसते बसून पाहण्याने काय कळते?”

आजोबा उठून बसले. “येथून उत्तरेस किहीम नावाचे गाव आहे. तेथे सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक तरुण काही काळ राहत होता. त्याला मनासारखी नोकरी नव्हती. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची घरटी होती. तो शिडीवर आडोसा करून तासन् तास त्यांच्याकडे पाहत बसे. त्याला दिसले, की घरटे बांधतो तो नर. अर्धे घरटे झाले, की मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडले, तर नर ते पूर्ण करतो. आणि मग लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे बांधावयास घेतो. कित्येक वर्षे लोकांनी ती घरटी पाहिली होती. पण ही गोष्ट नीट पाहून, तिची रोजची नोंद ठेवून ती जगापुढे मांडली त्या तरुणाने. त्याचे नाव सलीम अली. १८९६ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला आणि १९८७ साली ते वारले. भारतातील पक्ष्यांविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यात त्यांचा फार मोठा वाटा आहे.”

“आणि त्यांनी न पाहिलेले काही लिहिले असते तर?” विनयने एकाएकी विचारले.

आजोबांनी त्याच्याकडे पाहिले. “तर इतर शंभर खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवला नसता,” ते शांतपणे म्हणाले.

संध्याकाळी तिघे घरी परतले. रात्री ओटीवर सारी बसली होती. पाटावर आजीने नैवेद्य मांडून ठेवला होता. पंचांगात दिलेली चंद्रोदयाची वेळ होऊन गेली. पण पूर्वेकडील डोंगरावर ढगांची पट्टी होती. सकाळपासून आजीच्या पोटात अन्न नव्हते.

“आजी, तिकडे उजेड दिसतो आहे. चंद्र उगवला असेलच. जेव ना आता!” उमा म्हणाली.

“उगवला असेल, बाळ,” आजी म्हणाली, “पण मला दिसला कोठे? उजेड दिसणे निराळे आणि चंद्र दिसणे निराळे. थांबू थोडे.”

विनय उठला. आतून वही घेऊन तो आजोबांपुढे येऊन उभा राहिला. त्याचा आवाज दाटून आला होता.

“आजोबा, मी शेपूट पाहिली नव्हती. पक्षी मोठा होता, तपकिरी होता, एवढेच दिसले. तो गरुड असेल किंवा घारही असेल. मला सव्विसावे नाव हवे होते, म्हणून मी खोटे सांगितले.”

काही क्षण कोणी बोलले नाही. आजोबा रागावतील असे उमेला वाटले. पण त्यांनी विनयला जवळ बसविले.

“माझे डोळे चांगले असते, तर मी स्वतः पाहिले असते,” ते म्हणाले. “आता मला तुझ्या शब्दावाचून दुसरा आधार नाही. ही वही माझ्या एकट्याची आहे असेही नाही. १९८७ पासून आशियातील अनेक देशांत दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी होते. आपल्यासारखी हौशी माणसेच ती करतात. त्या आकड्यांवरून कोणती जागा राखायला हवी, कोणता पक्षी कमी होतो आहे, हे ठरविले जाते. मोजणाऱ्याच्या पाठीशी कोणी पाहत उभे नसते. जो मोजतो, त्याच्या खरेपणावरच सारे चालते.”

“मी ते पान फाडू का? की खोडरबराने पुसू?” विनयने विचारले.

“फाडू नको आणि पुसूही नको. चूक झाली होती, हेही खरेच आहे. तिच्यावर एकच रेघ ओढ, म्हणजे खालचे अक्षर वाचता येईल. आणि शेजारी जे दिसले, तेवढे लिही.”

विनयने रेघ ओढली. मग त्याने ठळक अक्षरात लिहिले, ‘मोठा तपकिरी शिकारी पक्षी, खाडीवर, दुपारी. शेपूट दिसली नाही. नाव सांगता येत नाही.’ आणि खाली आपले नाव घातले. यादी पुन्हा पंचवीसवर आली; मित्राच्या यादीइतकीच.

आजोबांनी वही डोळ्यांजवळ धरून ती ओळ वाचली. “आता हे पान माझ्या इतर पानांत शोभेल,” ते म्हणाले. “पुढच्या मार्गशीर्षातही वही तुझ्याच हाती राहील.”

इतक्यात अंगणातून उमेची हाक आली. ढगांच्या पट्टीखालून चंद्राची तांबूस कड डोंगरावर आली होती. आजीने हात जोडले. दूर खाडीकडून कोरलाचा लांबलेला स्वर ऐकू आला. समुद्राने आपली कोठी पुन्हा उघडली होती, आणि ओहोटीचे पाहुणे चांदण्यात जेवावयास बसले होते.

स्वाध्याय

१. आजोबा दर वर्षी एकाच तिथीस पक्ष्यांची मोजणी का करीत?

२. कोळ्यांच्या हिशेबाप्रमाणे अष्टमीस पूर्ण भरती किती वाजण्याच्या सुमारास येईल? त्या दिवशी ओहोटी केव्हा असेल?

३. ‘प्रत्येकाचे ताट निराळे आहे,’ असे आजोबा का म्हणाले? पाठातील तीन पक्ष्यांची उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

४. आजीच्या कोणत्या बोलण्यामुळे विनयचे मन पालटले? त्या बोलण्याचा विनयच्या नोंदीशी काय संबंध आहे?

५. आजोबांनी विनयला पान फाडू का दिले नाही? तुम्हांला त्यांचे म्हणणे पटते का? आठ-दहा ओळींत लिहा.

६. आपल्या घराजवळील झाडाखाली किंवा पाणवठ्याकाठी अर्धा तास शांत बसा. जे पक्षी दिसतील, त्यांचे आकार, रंग, चोच, शेपूट आणि हालचाली वहीत लिहा. नाव ठाऊक नसेल, तर तसे लिहा.